चिलवेरींची वही

शाळेत मास्तरांनी लिहिली एक जून.
वर्गातल्या एकोणीस पोरींची तीच.
आई म्हणायची, जून कसला, थंडी होती,
गड्ड्याचे पाळणे अजून उतरवले नव्हते,
आणि चिलवेरीच्या दुकानात दिवसभर
एकच गाणं लागलं होतं.
कुणीतरी गेलं असणार.

कुणी गेलं की लागायचंच.
साखर पेठेत, सायकलवाल्याला लागून,
‘नरहरी चिलवेरी, कॅसेट भरून मिळेल’,
साठची बारा रुपये, नव्वदची सोळा,
आणि गल्ल्यावर हिरव्या पुठ्ठ्याची वही.
डावीकडे जन्म, उजवीकडे मरण,
गाव, साल, पहिली तबकडी कुठली,
कुठली गायिका बाळंतपणात गेली,
कुठला ढोलकीवाला फडावरच, वाजवता वाजवता.
तेलुगू, कानडी, हिंदी, मराठी,
सगळे एकाच निळ्या शाईत.
जन्म असला तर सकाळी एक गाणं
आणि पोरांना पेपरमिंट.
मरण असलं तर दुकान बंद होईस्तोवर.
मागावरची माणसं खटाखटीतून कान काढून विचारायची,
आज कोण, नरहरण्णा?

पत्रिका मागू लागले लोक, तेव्हा गेले मी.
आईला घेऊन. तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
तिथंही तिचे हात थांबेनात.
शहाऐंशीचा जानेवारी, म्हणाले ते, आणि बोट फिरवलं.
तीन सापडले.
बाईचा आवाज होता का?
नाही.
मग पुरुषाचा?
पुरुषाचाही नाही. बाजा होता.
सनई?
आई म्हणाली, सनईपेक्षा ओला.
आणि विडीचा दोरा दातात धरूनच
तिनं ते गुणगुणलं.
एवढंसंच. पुन्हा तेवढंच.
पुन्हा.

दुकानात टेप चालू होता, तो त्यांनी बंद केला.
वही मिटली.
हे यात नाही, म्हणाले.

सत्यनारायण. धाकटा भाऊ.
लाल कोटाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट,
वरातीला रात्रभर उभा, पहाटे पायांना सूज.
एकदाच मुंबईला बोलावलं होतं,
कुणीतरी आजारी होता म्हणून.
एका गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याआधी,
बारा सेकंद.
कव्हरवर नाव नाही. पंचाहत्तर रुपये आणि परतीचं तिकीट.
गेला त्या दिवशी मी साठची कॅसेट घेतली
आणि दोन्ही बाजूंना तेवढंच भरलं,
बारा सेकंद, बारा सेकंद, बारा सेकंद.
लोकांना वाटलं टेप अडकलाय.
सायकलवाला येऊन म्हणाला,
अण्णा, बिघडलंय की हो, ऐकू लालंय का तुमाला?

मग लिहिलं का नाही?
नाव छापून आलेल्यांची वही आहे ही, पोरी.
घरचं कोण लिहितंय.

एकवीस जानेवारी. मंगळवार.
सकाळी साडेनऊला लावली कॅसेट.
आई म्हणाली, मग ही त्याच्या नंतरची,
दुपारी मिलचा भोंगा झाल्यावर झाली.

पत्रिका जुळली नाही ती नाहीच.
लग्न दुसरीकडे झालं, तिथं कुणी विचारलंच नाही.
आधारवर अजून एक जून,
बँकेतून त्या दिवशी शुभेच्छा येतात.
दुकानाच्या जागी मोबाइलच्या काचा बसवून देतात आता,
हिरवी वही कुणाकडं गेली, विचारलं मी,
कुणाला माहीत नाही.

पण ते गाणं फोनवर आहे.
ऐकलंय लाखो जणांनी.
जानेवारीत थंडी पडली की मी शोधते,
पहिला अंतरा जाऊ देते,
मग बारा सेकंद,
मग अंगठ्यानं मागं ओढते,
मग बारा सेकंद.
लेक आतून ओरडते,
आई, पुढं तरी जाऊ दे गं.